आपल्या लिनक्स संगणकाची खात्रीची माहिती कोठे मिळते?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपविले. पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पेढ्यांतली, गोदामांतली आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांतली चांगली चालती यंत्रे एकाएकी जुनी ठरली. अशा यंत्रावर लिनक्स बसवून घ्या, असा सल्ला व्यापाऱ्यांना मिळतो. सल्ला वाईट नाही. लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन या मोफत मिळणाऱ्या प्रणाली आहेत आणि पत्रव्यवहार, तक्ते, बिल छापणे, इंटरनेट ही कामे त्यांवर उत्तम होतात. ज्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, त्यांनी मात्र निराळा विचार करावा. तो आजचा विषय नाही.

आजचा विषय पुढचा आहे. लिनक्स बसवून देणारा तासा-दीड तासात निघून जातो. त्यानंतर या यंत्राचा कारभारी कोण? मोठ्या कंपनीत त्यासाठी पगारी माणूस असतो. आपल्याकडे मालक स्वतः, नाहीतर त्याचा मुलगा किंवा पुतण्या. छपाई थांबली, नवी डिस्क दिसेना, रात्रीची नक्कल निघाली नाही, की फोन करायचा. माणूस दोन दिवसांनी येतो, काळ्या खिडकीत चार ओळी टाइप करतो, पैसे घेऊन जातो. त्याने काय केले हे ना मालकाला कळते, ना तो लिहून ठेवतो. मुनीमजींनी खातेवही अशा अक्षरात लिहावी की मालकालाच वाचता येऊ नये, तशातला हा प्रकार. आमच्या मते एवढे परावलंबन कोणत्याही पेढीला परवडणारे नाही.

याहून मोठा धोका दुसरा आहे. माणसाची वाट पाहण्यापेक्षा मुले कोठून तरी एखादी ओळ उतरवून घेतात आणि तिच्यापुढे 'सुडो' लावून चालवतात. सुडो म्हणजे मालकाची सही. ती पडली की यंत्र हुकूम पाळते, आणि बहुतेक वेळा पुन्हा विचारीत नाही. दहा वर्षांची उधारी-वसुलीची खाती ज्या डिस्कवर आहेत, तिच्यावर अशी कोऱ्या धनादेशावरची सही करू नये.

लिनक्सविषयी माहिती कमी आहे असे नव्हे. ती भरमसाट आहे. अडचण तिथेच आहे. फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्‌सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. त्याभोवती निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या प्रणाली उभ्या केल्या, आणि प्रत्येकीच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एका आवृत्तीला लागू असलेली गोष्ट दुसरीला लागू असेलच असे नाही. कापडाच्या बाजारात पन्ना, काउंट, रीड-पीक विचारल्याशिवाय कोणी ग्रे कापडाचा भाव बोलत नाही. येथे मात्र आवृत्ती न विचारता माल उचलला जातो.

दोन उदाहरणे देतो. नेटवर्कची स्थिती पाहायला 'आयएफकॉन्फिग' टाइप करा, असे जुन्या पुस्तकांत सर्रास आढळते. डेबियन ९ निघाली २०१७ साली. तेव्हापासून डेबियनच्या नव्या बसवणीत ही आज्ञा आपोआप येत नाही, तिची जागा 'आयपी' या आज्ञेने घेतली. दुसरे उदाहरण यंत्र सुरू होताना चालणाऱ्या सेवांचे. 'इनिटटॅब' ही फाईल बदला असे जुने लेख सांगतात. डेबियन आणि उबुंटू या दोहोंनी २०१५ साली 'सिस्टमडी' ही नवी व्यवस्था स्वीकारली. त्या फाईलला आता कोणी विचारीत नाही. १९९२ पासून लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट या स्वयंसेवी उपक्रमाने 'हाउटू' नावाचे मार्गदर्शक लेख तयार केले. मेहनतीचे, स्वच्छ भाषेतले काम होते. परंतु त्यातले पुष्कळ लेख पुढे सुधारले गेले नाहीत, आणि आजही ते शोधात वर येतात. लेख चांगला असणे वेगळे, तो आपल्या यंत्राचा असणे वेगळे.

म्हणून पहिले काम आपल्या मालाचा क्वालिटी नंबर पाहण्याचे. 'ईटीसी' या फोल्डरात 'ओएस-रिलीज' नावाची छोटी फाईल असते. तीत प्रणालीचे नाव व आवृत्ती स्पष्ट लिहिलेली असते. उबुंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना : २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. लिनक्स मिंट २२ ही उबुंटू २४.०४ च्या पायावर उभी आहे, म्हणून मिंट २२ वापरणाऱ्यास उबुंटू २४.०४ चे बरेचसे कागद चालतात. हा आकडा संगणकाच्या खोक्यावर चिकटवून ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आवृत्तीला तंतोतंत जुळणारी माहिती आपल्याच यंत्रात असते, आणि ती पाहायला इंटरनेटही लागत नाही. तिला 'मॅन पेज' म्हणतात; मॅन्युअल या शब्दाचे हे लघुरूप. (आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरे वापरावीत.) टर्मिनल उघडून 'मॅन' आणि एक जागा सोडून आज्ञेचे नाव टाइप केले की तिचे पान उघडते. ही पद्धत लिनक्सपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका तयार केली, तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पानाची मांडणी बरीचशी तेव्हाचीच चालत आली आहे. सॉफ्टवेअर बदलले की त्याच्याबरोबर पानही बदलून येते, म्हणून जुना कागद हाती येण्याचा धोका येथे सर्वांत कमी.

आज्ञेचे नाव माहीत नसेल तर? 'मॅन', मग आडवी रेघ व 'के', आणि विषयाचा इंग्रजी शब्द. 'प्रिंटर' हा शब्द दिला तर छपाईशी संबंधित आज्ञांची यादी येते. तीत 'एलपीॲडमिन', 'एलपीऑप्शन्स', 'कप्सइनेबल' ही नावे दिसतील. यांतले शेवटचे बिल छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. छपाईत अडथळा आला तर प्रिंटरची रांग थांबलेली राहू शकते. कागद नीट बसवून, यंत्र बंद-चालू करूनही ती सुरू होत नाही. ती पुन्हा उघडणारी आज्ञा हीच. एवढ्यासाठी माणूस बोलावणारे आम्ही पाहिले आहेत.

पान उघडल्यावर नवखा माणूस दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे बाहेर कसे पडायचे? 'क्यू' हे अक्षर दाबावे. पुढे जायला स्पेस, मागे यायला 'बी', आणि शोधायला तिरकी रेघ व शब्द. पुढचे ठिकाण पाहायला 'एन'. दुसरी अडचण पानाच्या भाषेची. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी मजकूर आमच्या नजरेखालून हळूच जातो. तरीही सांगतो, की या पानांची इंग्रजी वर्तमानपत्राच्या इंग्रजीपेक्षा सोपी. शब्द ठरावीक, वाक्ये छोटी, अलंकार मुळीच नाहीत. 'सिनॉप्सिस' म्हणजे आज्ञेचा साचा. साच्यातला चौकोनी कंस म्हणजे ही वस्तू द्या अथवा नका देऊ. उभी रेघ म्हणजे दोहोंपैकी एक. तीन टिंबे म्हणजे अशा आणखी देता येतील. 'डीफॉल्ट' म्हणजे आपण काही सांगितले नाही तर यंत्र काय धरून चालेल. 'डेप्रिकेटेड' हा शब्द दिसला तर ती सोय उतरणीला लागली आहे, नव्या कामात वापरू नये. 'फाइल्स' या मथळ्याखाली कोणत्या फाइलींशी संबंध येतो ते असते, 'सी ऑल्सो' खाली शेजारची पाने. असे पंधरा-वीस शब्द वहीत उतरवले की गाडी चालू लागते. पानाच्या शेवटाकडे 'एक्झाम्पल्स' असेल तर आधी ते वाचावे, मग वर यावे. आमचा तरी हाच रिवाज आहे.

पाने मुख्यतः आठ विभागांत लावलेली असतात. सर्व पाठ करण्याची जरूर नाही. एकमध्ये रोजच्या आज्ञा, पाचमध्ये फाइलींची मांडणी, आठमध्ये कारभाऱ्याच्या आज्ञा, एवढे पुरे. आकड्याचे महत्त्व 'क्रॉनटॅब' या नावावरून कळेल. ठरल्या वेळी आपोआप काम करून घेण्याची ही सोय. साधे 'मॅन क्रॉनटॅब' केले तर पहिल्या विभागातले पान उघडते. त्यात यादी कशी पाहावी, कशी बदलावी एवढेच आहे. वेळ कशी लिहावी हे त्यात सापडत नाही, म्हणून लोक कंटाळून बाहेरचे उतरवून घेतात. वस्तुतः ते पाचव्या विभागात आहे : 'मॅन', मग ५ हा आकडा, मग 'क्रॉनटॅब'. तेथे पाच रकाने समजावले आहेत. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रविवारला ० किंवा ७, शुक्रवारला ५. आणि तेथेच एक बारीक अट आहे. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर दोहोंपैकी एक जुळले तरी काम सुरू होते. 'एक तारीख शुक्रवारी आली तरच' असे मनात धरून लिहिणाऱ्याचे काम प्रत्येक एक तारखेला व प्रत्येक शुक्रवारी चालेल. ही अट अंदाजाने कोणालाच सुचणार नाही.

त्याच पानावरून पुढे 'ॲनाक्रॉन'कडे जावे. क्रॉनची कामे यंत्र चालू असेल तरच होतात. पेढीचा संगणक रात्री बंद होतो, त्यामुळे रात्री दोनला ठेवलेली नक्कल कधीच निघत नाही, आणि मालक निर्धास्त असतो. यंत्र चोवीस तास चालू नसते हे गृहीत धरून केलेली सोय म्हणजे ॲनाक्रॉन. तिचे पान आठव्या विभागात आहे.

नकलेचा विषय निघालाच आहे, तर 'आरसिंक' या आज्ञेचे पान कसे वाचावे ते थोडे विस्ताराने पाहू. एका फोल्डरातला मजकूर दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा ठेवणारी ही आज्ञा १९९६ पासून वापरात आहे. तिचे पान फार लांब आहे. सगळे वाचायला बसू नये. समजा कोणी आपल्याला सांगितले की आज्ञेत दोन आडव्या रेघा देऊन 'डिलीट' हा शब्द घाला, म्हणजे नक्कल स्वच्छ राहते. चालवण्याआधी पान उघडावे, तिरकी रेघ देऊन तो शब्द शोधावा, आणि त्याचा स्वतंत्र परिच्छेद येईपर्यंत पुढे जावे. तेथे जे लिहिले आहे त्याचा अर्थ असा : मूळ ठिकाणी नाहीत त्या फाइली पोहोचत्या ठिकाणाहून पुसल्या जातील. आता व्यापाऱ्याच्या डोक्याने विचार करा. मूळ जागा व पोहोचती जागा यांची अदलाबदल झाली तर? काल विकत आणलेली कोरी डिस्क मूळ ठरेल आणि पेढीची खाती पोहोचती. कोऱ्या डिस्कवर काहीच नाही, म्हणून खात्यातलेही काही राहणार नाही. यंत्राने चूक केली असे म्हणता येणार नाही. हुकूम तसाच होता.

त्याच परिच्छेदात इशारा आहे की ही सोय चुकीची वापरली तर घातक ठरू शकते, आणि आधी 'ड्राय-रन' करून पाहावा. 'ड्राय-रन' म्हणजे कोरडी तालीम. आडवी रेघ व 'एन' देऊनही ती होते. जोडीला आडवी रेघ व 'व्ही' दिले तर काय पुसले जाणार याची यादी समोर येते, प्रत्यक्षात काहीच हलत नाही. ज्याने उसनी ओळ दिली त्याने हे सांगितले नव्हते. आणखी एक बारकावा : मूळ फोल्डरच्या नावापुढे शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, न दिली तर फोल्डरसकट जातो. म्हणजे ताके सुटे पाठवायचे की गठ्ठ्यासकट, एवढा फरक. पण एका महिन्यात रेघ दिली, दुसऱ्या महिन्यात दिली नाही, की एकाच डिस्कवर दोन ठिकाणी दोन नकला तयार होतात आणि कोणती ताजी ते कळेनासे होते. डिलीटवाली आज्ञा क्रॉनमध्ये टाकण्यापूर्वी किमान दोनदा कोरडी तालीम पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मॅन पेजखेरीज यंत्रात आणखी दोन ठेवी आहेत. 'यूएसआर', त्यात 'शेअर', त्यात 'डॉक' अशा वाटेने गेले की प्रत्येक पॅकेजच्या नावाचे फोल्डर दिसते. डेबियन घराण्यात काही फोल्डरांत 'रीडमी डॉट डेबियन' नावाची फाईल असते. मूळ सॉफ्टवेअरपेक्षा येथे काय निराळे केले आहे ते तीत सांगितलेले असते. दुसरी ठेव म्हणजे सेटिंगच्या फाइलींच्या आतल्या टिपा. '#' या खुणेने सुरू होणारी ओळ यंत्रासाठी नसते, वाचणाऱ्यासाठी असते. उदाहरणार्थ 'ईटीसी', त्यात 'डीफॉल्ट', त्यात 'ग्रब' ही फाईल. यंत्र सुरू होताना येणारी यादी तीवरून ठरते. तिच्या माथ्यावरच सूचना आहे की बदल केल्यावर 'अपडेट-ग्रब' चालवावे. ही ओळ न वाचता फाईल बदलणारे नंतर तक्रार करतात की काही फरकच पडत नाही.

मॅन पेजची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते एका आज्ञेचे सगळे गुण सांगते; अमुक काम करायचे तर कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने लागतील हे सांगत नाही. त्यासाठी पुस्तक हवे. डेबियनसाठी राफाएल हर्ट्‌झॉग व रोलँड मास यांचे 'डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' आहे. मूळ फ्रेंच, २०१२ साली इंग्रजीत मुक्त परवान्याने आले. 'डेबियन-हँडबुक' या नावाचे पॅकेज बसवले की सगळे पुस्तक यंत्रात येते. ओसामु आओकी यांचे 'डेबियन रेफरन्स'ही तसेच. उबुंटू व मिंट डेबियनच्याच वंशातल्या, म्हणून त्यांनाही बराच उपयोग होतो. मात्र पुस्तक डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते आरंभीच पाहून घ्यावे. आर्च लिनक्स या प्रणालीच्या मंडळींनी लिहिलेला 'आर्चविकी' हा संदर्भ फार नावाजलेला आहे, तो योग्यच. परंतु ती प्रणाली नेहमी नव्यात नवे सॉफ्टवेअर वापरते. तिथले विवेचन घ्यावे. पॅकेजची नावे व फाइलींच्या जागा आपल्या यंत्रावर ताडून पाहाव्यात.

इंग्रजीची अजिबात सवय नसेल त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरे विषयांवर छोटे छोटे चित्रफिती-धडे, आवाज मराठीतही, आणि सगळे विनामूल्य. प्रत्येक धड्याच्या आरंभी कोणती आवृत्ती वापरली ते सांगतात, हे विशेष आवडले. बरेच धडे जुन्या आवृत्त्यांवर आहेत, पण फोल्डर, फाईल, परवानग्या या मूळ गोष्टी बदललेल्या नाहीत. केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्स स्वीकारले तेव्हा मुलांच्या हाती मल्याळममधील पाठ्यपुस्तके दिली. मराठीत व उर्दूत दुकानदारासाठी असे पुस्तक कोणी लिहील तर आम्ही पहिले गिऱ्हाईक.

मातृभाषेच्या ओघात एक व्यावहारिक सूचना. पडद्यावरचे मेनू मराठीत ठेवता येतात, जरूर ठेवावेत. पण त्रुटीचा संदेश मराठीत आला तर तो इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. अशा वेळी आज्ञेपुढे 'एलसी-ऑल' बरोबर 'सी' असे लिहिले (सगळी अक्षरे मोठी, मधली रेघ खालची) की तेवढ्यापुरता संदेश मूळ इंग्रजीत येतो. तो शब्दशः उतरवून घ्यावा. 'प्रिंटर चालत नाही' यावर कोणालाही काही सांगता येत नाही.

आजकाल चॅटजीपीटीसारख्यांना विचारून काम भागवणारे पुष्कळ आहेत. अवघड परिच्छेद सोप्या भाषेत समजावून घ्यायला ती सोय खरेच चांगली, आम्हीही वापरतो. पण त्याने सुचवलेली प्रत्येक आज्ञा आणि तिच्यापुढचे प्रत्येक अक्षर मॅन पेजमध्ये शोधावे. कधी कधी तेथे नसलेलीच अक्षरे ते ठामपणे सांगते. सापडले नाही, तर चालवू नये.

राहता राहिली वही. कोणत्या तारखेला, कोणती फाईल, आधी काय होते, नंतर काय केले, कोणत्या पानावर वाचले : पाच रकाने पुरेत. बाहेरचा माणूस आला तर त्यालाही यात लिहायला लावावे, पैसे त्यानंतर. आणि यंत्रच सुरू झाले नाही तर त्याच्या पोटातली पाने वाचणार कशी? त्यासाठी मॅनला आडवी रेघ व 'टी' दिले की पान छापण्याजोगे होते. नक्कल परत कशी आणायची, डिस्क कशी जोडायची एवढी पाने छापून वहीतच ठेवावीत. लिनक्स ज्या पेनड्राइव्हवरून बसवले तो पुसू नये. त्यावरून यंत्र तात्पुरते सुरू करता येते आणि डिस्कवरच्या फाइली बाहेर काढता येतात. तो वहीच्या आतच एका पाकिटात घालून गल्ल्याशेजारच्या खणात ठेवावा.